टाक्यांची जखम आणि भाजलेली जखम: 'पिकली' म्हणण्याआधी

टाक्यांतून पू आला काय किंवा भाजलेल्या हातावर पिवळा थर धरला काय, घरात दोन्हींना एकच शब्द: जखम पिकली. मग एकाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला दिल्या जातात आणि घोळ तिथेच होतो.

टाक्यांच्या जखमेत जंतू बहुतेकदा ऑपरेशनच्या वेळीच शिरलेले असतात, तेही रुग्णाच्याच त्वचेवरचे नाहीतर आतड्यातले. म्हणून अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या तासाभरात देतात. ती वेळ चुकली तर नंतर आठवडाभर गोळ्या खाऊन भरपाई होत नाही. आदल्या रात्री घरी ब्लेडने केस काढून येऊ नये, बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. विडी-सिगारेट महिनाभर आधी बंद, साखर ताब्यात. कडा साधारण 48 तासांत चिकटतात. त्रास बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवशी दिसतो: कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढतं, कडा लाल, गरम, कडक होतात, पू येतो.

याच सुमारास पोटाच्या टाक्यांतून अचानक गुलाबी पाणी सुटून पट्टी भिजली, तर तो पू नाही म्हणून निश्चिंत राहू नका. आतले थर सुटत असल्याची ती खूण असू शकते. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून, तोंडाने काही न देता, रुग्णाला थेट दवाखान्यात न्या.

भाजलेल्या जखमेचं गणित उलटं. सुरुवातीला ती बरीचशी जंतुविरहित असते, जंतू नंतर येतात: आधी त्वचेवरचे, आठवड्याच्या आसपास स्युडोमोनाससारखे. पट्टीवर हिरवट डाग आणि गोडसर वास ही त्याची ओळख. जळून मेलेल्या कातडीत रक्तच पोचत नाही, त्यामुळे गोळी-इंजेक्शनही तिथे पुरेसं पोचत नाही. खोल जखमेत मेलेला थर काढणं आणि त्वचारोपण हाच खरा इलाज. 'आधीच' अँटिबायोटिक सुरू करण्याचा आग्रह धरू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं मात्र जरूर विचारावं.

तापही इथे फसवतो. मोठ्या भाजण्यात संसर्ग नसतानाही 38.5 अंश सेल्सिअसपर्यंत ताप राहतो. त्यापेक्षा जखमेकडे बघा: रंग काळपट-जांभळा होतोय का, उथळ जखम खोल जातेय का? रुग्ण बरळू लागला, लघवी कमी झाली किंवा अंग गार पडलं तर थांबू नका.

आणि तो पिवळा थर? सिल्व्हर सल्फाडायझिन मलम आणि जखमेचं पाणी मिळून पांढुरका-पिवळट, लिबलिबीत साय धरते. ती पुवासारखी दिसते, पण हलक्या हाताने धुतल्यावर निघते. जुनं मलम पूर्ण न धुता त्यावर नवं थापलं तर खालची जखम दिसतच नाही.

सोलापुरात पाणी काही दिवसांआड, त्यामुळे पिंपात साठवलेलं पाणी जखमेला चालेल का, हा प्रश्न येतोच. कडक भाकऱ्या करताना हात भाजला की नळ नसेल तर पिंपातलं स्वच्छ पाणी 20 मिनिटं ओता, तिथे ते चालतं. बर्फ, हळद, टूथपेस्ट नको. पुढच्या रोजच्या धुण्याला मात्र उकळून गार केलेलंच पाणी, कारण स्युडोमोनासला साठलेलं, ओलसर ठिकाण फार मानवतं. टिपायला निर्जंतुक गॉज घ्या. अंगपुसणं कितीही चांगलं सोलापुरी असो, ते जखमेला नको.

रुग्णाचा बोटांसकट तळवा म्हणजे अंगाचा साधारण 1 टक्का. त्याहून मोठं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, गुप्तांग यांवर कितीही थोडं असेल, तर घरच्या मलमावर न राहता सिव्हिल गाठा.