रुक्मिणी (स्त्रीनाम)

रुक्मिणी हे विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले मुलीचे नाव. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत ते रुखमा, रुखमाबाई, रुखमिनी अशा रूपांत ऐकू येते; पंढरपूरकडचे रखुमाईही त्याचेच.

मूळ शब्द 'रुक्म', म्हणजे सोने. तो 'रुच्' (चकाकणे) या धातूपासून आला; ऋग्वेदात मरुतांच्या छातीवरील झळाळत्या अलंकाराला रुक्म म्हटले आहे. 'रुक्मिन्' म्हणजे सोने ल्यालेला, त्याचे स्त्रीलिंग रुक्मिणी. आधी र असल्याने पुढच्या न चा ण होतो. म्हणून 'रुक्मिनी' अशुद्ध, आणि मि दीर्घ काढलेले 'रुक्मीणी'ही.

पुराणांत रुक्मिणी ही विदर्भराज भीष्मकाची मुलगी, रुक्मीची बहीण. म्हणून तिला वैदर्भीही म्हणतात. तिचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी आहे. आषाढीला तेथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. इकडच्या लोकांना ती देवी असली तरी आधी घरची लेक वाटते. नागपुरात महाल भागात तिचे भोसलेकालीन देऊळ आहे. लग्न जुळावे म्हणून मुलींनी एकनाथांचे 'रुक्मिणी स्वयंवर' वाचण्याची प्रथाही जुनीच.

पंचांगाप्रमाणे 'रु' हे स्वाती नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे अक्षर, रास तूळ. लग्नात सुनेचे नाव बदलताना, नवरा विठ्ठल किंवा पांडुरंग असला की, तांदळाच्या ताटात अंगठीने हे नाव लिहिणे ओघानेच येई.

खरी अडचण कागदपत्रांत येते. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ण चा न होतो आणि क्म चा ख्म. 'काहून वं रुखमे' अशी हाक ऐकत वाढलेल्या बाईने नाव सांगितले, की लिहिणारा कानाला पडले तसेच उतरवतो. मग टी.सी.वर रुक्मिणी, सातबाऱ्यावर रुखमाबाई आणि आधारवर रुखमिनी. वारसनोंदीच्या किंवा पेन्शनच्या वेळी या तीन बायका ठरतात. अशा वेळी ही सगळी नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र बहुधा चालते. नाव कायमचे बदलायचे तर राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते. रोमन लिपीत ण आणि न यांना एकच अक्षर असल्याने तिथे तो घोळ होत नाही, पण क आणि ख चा उरतोच. जन्मनोंदीच्या वेळी नाव तोंडी न सांगता देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत चिठ्ठीवर लिहून द्यावे.