पंचवीस लाख वेळा उगारलेली बंदूक

अमेरिकेतल्या बंदुकीच्या वादात एक आकडा गेली तीस वर्षं ठाण मांडून बसला आहे: २५ लाख. तिथले सामान्य नागरिक दरवर्षी एवढ्या वेळा बंदूक दाखवून किंवा चालवून स्वतःचा बचाव करतात, असं सांगितलं जातं. आकडा खरा असेल तर वाद मिटलाच म्हणायचा. २०२१ या अगदी वाईट वर्षात त्या देशात बंदुकीने ४८,८३० जीव गेले. एका पारड्यात ते अठ्ठेचाळीस हजार आणि दुसऱ्यात पंचवीस लाख!

हा आकडा आला कुठून? गुन्हेशास्त्रज्ञ गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९३ मध्ये एक फोन-सर्वेक्षण केलं. ४,९७७ प्रौढांना विचारलं, की तुम्ही स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा वापर केला का? गेल्या वर्षभरात केला, असं सांगणारे निघाले जेमतेम १.३ टक्के. तेव्हा अमेरिकेत साधारण १९ कोटी प्रौढ होते. गुणाकार केला, झाले २५ लाख.

गुणाकारात चूक नाही. गोम आहे ती त्या १.३ टक्क्यांत. समजा, हजारात एकानेच खरोखर बंदूक उगारली आहे. पाच हजारांना विचारलं तर खरे ‘हो’ पाच. उरलेल्या ४,९९५ जणांपैकी एक टक्का लोक चुकीचं ‘हो’ म्हणाले, तर आणखी पन्नास. कोणी बढाई मारतो, कोणाला तीन वर्षांपूर्वीचा प्रसंग गेल्या वर्षीचा वाटतो, कोणी स्वतःच उकरून काढलेल्या भांडणाला ‘बचाव’ म्हणतो. उलट बाजूची चूक मात्र फार तर पाचच जण करू शकतात, कारण खरे ‘हो’ आहेतच पाच. म्हणजे ९९ टक्के लोकांनी बिनचूक उत्तर देऊनही आकडा अकरा पट फुगतो! दुर्मीळ घटना फोनवर मोजायला गेलं की हे होतंच. हार्वर्डच्या डेव्हिड हेमेनवे यांनी १९९७ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यांनी एक ताळाही करून पाहिला. क्लेक यांच्या सर्वेक्षणातले लोक जे सांगत होते त्यावरून वर्षाला दोन लाखांहून जास्त हल्लेखोर गोळी लागून जखमी किंवा ठार व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तेव्हा सगळ्या कारणांनी मिळून गोळी लागून इस्पितळात येणारे लोक त्याच्या निम्म्याच्या आसपास होते.

सरकारच्या गुन्हेपीडित सर्वेक्षणातून निघणारा आकडा लाखाच्या आतबाहेर असतो. तोही कमीच पडतो असा क्लेक यांचा आक्षेप आहे, कारण तिथे आधी ‘माझ्यावर गुन्हा घडला’ असं सांगणाऱ्यालाच पुढचा प्रश्न विचारतात. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याने लाखाचे पंचवीस लाख होत नाहीत.

बरं, उगारलेली बंदूक कामाला येते का? हेमेनवे आणि सारा सोल्निक यांनी २००७ ते २०११ मधले गुन्ह्यांचे चौदा हजारांवर प्रसंग तपासले. पीडिताने बंदूक वापरलेले प्रसंग भरले १२७, शंभरातला एकही नाही. बचावाची काहीतरी हालचाल केल्यानंतर जखमी झालेले ४.२ टक्के, बंदूक काढल्यानंतर जखमी झालेले ४.१. फरक शून्य. माल वाचण्याची शक्यता मात्र बंदुकीने वाढलेली दिसली. पण हाताशी दुसरं कुठलंही हत्यार असलं तरी ती जवळपास तेवढीच वाढत होती. १२७ ही संख्या लहान आहे, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभी करू नये, हे दोन्ही बाजूंना लागू.

बंदूकवाल्यांचा दुसरा मुद्दा जास्त चतुर आहे. तुम्ही बंदूक काढायचीही गरज नाही. कोणाच्याही कोटाखाली ती असू शकते, एवढ्या धाकाने गुन्हेगार वचकतील. अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी १९९७ मध्ये याला आकड्यांचं बळ दिलं. लपवून बंदूक बाळगायची मुभा सहज देणारे कायदे काही राज्यांनी केले होते. १९७७ ते १९९२ ची जिल्हावार आकडेवारी लावून त्यांनी दाखवलं, की अशा राज्यांत खून सुमारे आठ टक्क्यांनी घटले.

पण त्याच काळात क्रॅक कोकेन या अमली पदार्थाची लाट आली होती. तिच्यासोबत आलेल्या खुनांनी मोठी शहरं असलेली राज्यं होरपळली, आणि तिथे असे कायदे बहुधा नव्हतेच. मग त्यांच्या तुलनेत कायदे केलेल्या राज्यांतले खून कमी ‘दिसणार’ यात नवल काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ मध्ये सगळी छाननी करून सांगितलं, की या कायद्यांनी गुन्हे घटले असंही सिद्ध होत नाही आणि वाढले असंही नाही. जेम्स विल्सन या सदस्याने मात्र, निदान खून तरी घटले असावेत, असं वेगळं मत नोंदवलं. पुढे आणखी वर्षांची माहिती हाती आली. जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की कायदा झाल्यावर दहा वर्षांनी त्या राज्यांतले हिंसक गुन्हे तो न होता तर असते त्यापेक्षा १३ ते १५ टक्के जास्त होते. नंतरच्या कामात कारणंही दिसू लागली: बंदुका चोरीला जाण्याचं प्रमाण वाढलं, आणि पोलिसांकडून गुन्ह्यांची उकल कमी होऊ लागली.

माझ्या मते रस्त्यावरचा हा वाद एका अर्थी चुकीच्या जागी चालला आहे. २०२१ च्या त्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. त्यात कुणी दरोडेखोर नव्हता.

घरातल्या बंदुकीचा गाजलेला अभ्यास आर्थर केलरमन यांचा, १९९३ चा. ज्या घरात बंदूक, तिथे खून होण्याचा धोका २.७ पट. लगेच प्रश्न आला: धोक्यात असलेला माणूसच बंदूक घेत असेल, तर दोष बंदुकीचा कसा? प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर शोधायचं सोडून १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रोगनियंत्रण केंद्राच्या निधीतून बरोबर २६ लाख डॉलर कापले, म्हणजे ते केंद्र या संशोधनावर जेवढं खर्चत होतं तेवढेच. सोबत बंदूकनियंत्रणाचा पुरस्कार न करण्याची अटही आली. नवा निधी मंजूर व्हायला २०१९ चा डिसेंबर उजाडला.

तरीही काम झालं. डेव्हिड स्टडर्ट यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या २.६३ कोटी प्रौढांची नोंद पिस्तूलखरेदीच्या सरकारी दफ्तराशी जुळवली. पिस्तूल असलेल्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्येचा दर सुमारे आठ पट, स्त्रियांमध्ये पस्तीस पट. जीव द्यायचाच म्हणून विकत घेतलं असेल? काहींनी तसं केलंही. खरेदीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत धोका सर्वांत जास्त होता. पण निम्म्याहून अधिक मृत्यू खरेदीला वर्ष उलटल्यावर झाले. २०२२ मध्ये त्यांनी स्वतः पिस्तूल न घेतलेल्या, पण घरातल्या दुसऱ्या कोणी घेतलेल्या लोकांकडे पाहिलं. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचा त्यांचा दर सात पट निघाला, आणि असे बळी बहुतांश स्त्रिया. घरात शिरलेल्या परक्या माणसाकडून मारलं जाण्याचा धोका कमी झालेला मात्र दिसला नाही.

‘आत्महत्या करणारा दुसरा मार्ग शोधेलच’ हे वाक्य या टप्प्यावर हमखास येतं. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये एक साधा नियम केला: आठवडाअखेर घरी जाताना रायफल छावणीतच ठेवायची. तरुण सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. ही घट जवळजवळ सगळी आठवडाअखेरच्या सुट्टीतली होती. रायफल जवळ असलेल्या इतर दिवसांचा आकडा फारसा हललाच नाही.