कार्ट्रिजचं पाकीट एवढं चिवट कसं झालं: थोडी पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ऑफिसातनं आणि टायपिंगच्या दुकानातनं आधी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालायचे, रिबनवर टाचण्या आपटून छापणारे. त्याची रिबन साध्या पिशवीतनं यायची, पिशवी फाडायची, रिबन बसवायची, झालं. 2000 नंतर कॉम्प्युटरबरोबर स्वस्तात इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणारा प्रिंटर यायला लागला आणि मग त्याच्या कार्ट्रिजचं, म्हणजे शाईच्या डबीचं, पाकीट फोडायला कात्री, ब्लेड, दात सगळं बाहेर निघालं.

मूळ 1984 चं. त्या वर्षी अमेरिकेत संपलं की टाकून द्यायच्या कार्ट्रिजचा पहिला थर्मल, म्हणजे शाई तापवून उडवणारा, इंकजेट बाजारात आला, त्यात शाई उडवणारं डोकंच कार्ट्रिजमध्ये होतं, त्याला 12 नोझल, म्हणजे शाई बाहेर पडायची भोकं. भोकं केसाहून बारीक आणि शाई पाण्याची, उघडी राहिली की सुकणार आणि भोक बुजणार, म्हणून नोझलवर टेप आणि वरनं ओल बाहेर जाऊ न देणारं थराथराचं पाकीट. काही कंपन्या व्हॅक्यूम करून देतात कारण शाईतली हवा आधीच काढलेली असते, ती परत शिरली तर प्रिंटवर पांढऱ्या रेघा येतात. एवढं चिवट पाकीट लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्या पाकिटाच्या बाहेर जे काय आहे त्याची. दोन बाजूंचं कडक प्लास्टिक कडेनं चिकटवून टाकलेला ब्लिस्टर हा परदेशातल्या सेल्फ सर्विस दुकानांसाठी निघाला, माल हुकला टांगलेला, वस्तू खिशात मावणारी आणि किंमत मोठी, त्यामुळे चोरी होऊ नये म्हणून. आता आपल्याकडे बघा की, बेळगावची गणपत गल्ली असो नाहीतर खडेबाजार, कार्ट्रिज काचेच्या कपाटात असतं आणि दुकानदार स्वतः काढून देतो. तिथं चोरी कोण करणार? तरीपण त्या प्लास्टिकशी कुस्ती आपणच खेळायची आणि कात्री जरा आत गेली, कार्ट्रिजची प्रिंटरला जोडणारी तांब्याची पट्टी खरवडली की शेकडो रुपये गेले. नकली माल हे कारण मात्र आपल्याकडे खरं आहे, रिकाम्या कार्ट्रिजमध्ये सिरिंजनं शाई भरून नवीन म्हणून विकणारे होते, म्हणून होलोग्रामचं सील समजू शकतो. पण सील तपासायला सोपं असावं, त्यासाठी उघडायला अवघड कशाला पाहिजे?

या सगळ्यात सगळ्यात जास्त वादाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. 1997 ला अमेरिकेतल्या एका प्रिंटर कंपनीनं टोनर कार्ट्रिज (लेझर प्रिंटरचं, शाईऐवजी पावडरचं) साधारण 20 टक्के सूट देऊन विकायला सुरुवात केली आणि खोक्यावर छापलं की हे एकदाच वापरायचं, रिकामं झालं की फक्त आम्हालाच परत द्यायचं, आणि खोका उघडला म्हणजे ही अट तुम्ही मान्य केली. म्हणजे सही नाही, बोलणं नाही, पाकीट फाडणं हाच करार! रिकामी कार्ट्रिज परत भरून विकणारे रिफिलवाले कोर्टात गेले. 2005 ला तिथल्या अपील कोर्टानं कंपनीची बाजू घेतली. मग पुढं त्याच कंपनीचा पेटंटचा वेगळा खटला थेट तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 30 मे 2017 ला निकाल लागला की एकदा वस्तू विकली की पेटंटचा हक्क संपला, नंतर ती कोण भरतो आणि कुणाला विकतो हे पेटंटच्या जोरावर कंपनी अडवू शकत नाही. पण त्याच निकालात असंही म्हटलंय की गिऱ्हाइकाशी केलेला करार करार म्हणून चालू शकतो. म्हणजे खोका फाडून होणारा करार अजून पुरता मोडीत निघालेलाच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण जी गोष्ट उघडल्याशिवाय वापरताच येत नाही तिच्या उघडण्यालाच होकार कसा समजायचा? आणि ज्याला ती बारीक इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत त्यानं काय करायचं? आपल्याकडे पाकिटावरची माहिती हिंदी नाहीतर इंग्रजीत पाहिजे असा 2011 चा नियम आहे, त्यामुळे इथल्या माणसाची मराठी पण नाही आणि कन्नड पण नाही. बाहेरनं आलेल्या मालावर किमतीचा आणि आयात करणाऱ्याच्या पत्त्याचा स्टिकर नंतर चिकटवतात, तो कधी कधी नेमका फाडायच्या खुणेवरच बसतो.

2008 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यानं सहज उघडणारी पॅकिंग सुरू केली, खेळणी आणि मेमरी कार्डं अशा 19 वस्तूंपासून. आपल्याकडे खरा फरक पडला तो 2011 नंतर, शाईच्या टाकीचे प्रिंटर आल्यावर. झेरॉक्सवाल्यांनी लगेच उचलले, बाटलीचं टोपण काढायचं आणि ओतायचं. ज्यांच्याकडे अजून कार्ट्रिजचा प्रिंटर आहे, म्हणजे जास्त करून घरातली पोरं आणि पेन्शनवाली माणसं, ज्यांच्या बोटात जोर कमी, त्रास त्यांच्याच वाट्याला राहिला.

ई-कचऱ्याच्या नियमात 2012 पासून प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचं पण नाव आहे. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्यात मिठाईच्या खोक्यावरची, निमंत्रणपत्रिकेवरची आणि सिगारेटच्या पाकिटावरची फिल्म आहे. कार्ट्रिजचा ब्लिस्टर त्या यादीत नाही.