रेने कासँ आणि ‘सार्वत्रिक’ या शब्दामागची पार्श्वभूमी

१९१४ च्या लढाईत पोटाला जबर जखम झालेले फ्रेंच कायदेपंडित रेने कासँ पुढे अपंग सैनिक आणि युद्धातील अनाथ मुलांच्या हक्कांसाठी झटले. १९२४ पासून चौदा वर्षे ते जिनिव्हात राष्ट्रसंघातील (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) फ्रान्सच्या शिष्टमंडळात होते. सरकार स्वतःच्याच नागरिकांचा छळ करत असेल तर सार्वभौमत्वाच्या भिंतीपुढे बाहेरचे जग हतबल ठरते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. १९४० च्या जूनमध्ये ते लंडनला गेले आणि मायदेशातील जर्मनधार्जिण्या सरकारने त्यांना गैरहजेरीत फाशीची शिक्षा ठोठावली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा पहिला खर्डा त्यांचा नव्हता. तो कॅनडाच्या एका कायदेतज्ज्ञाने तयार केला होता. कासँ यांनी १९४७ मध्ये त्याची फेरमांडणी केली. जाहीरनाम्याचा ‘जनक’ कोण, या वादापेक्षा शीर्षकातील बदल मला अधिक मोलाचा वाटतो. मसुद्यात ‘आंतरराष्ट्रीय’ असा शब्द होता, तो फ्रान्सच्या आग्रहाने ‘सार्वत्रिक’ झाला. आंतरराष्ट्रीय म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधले. त्यात माणूस येतो तो कोणत्या तरी राज्याचा नागरिक म्हणून. सार्वत्रिक म्हटले की ज्याला राष्ट्रच उरलेले नाही असा निर्वासित आणि परसत्तेखालील प्रजाजनही हक्कदार ठरतो. आपल्याकडे या दस्तऐवजाला सर्रास ‘जागतिक जाहीरनामा’ म्हटले जाते. त्यातून केवळ भौगोलिक विस्तार सूचित होतो आणि ज्यासाठी शब्द बदलला तो अर्थच निसटतो. स्वतः वसाहती बाळगणाऱ्या देशाने हा शब्द सुचवावा, यावरचा आक्षेप रास्त आहे. मात्र तोच शब्द पुढे वसाहतींतील लोकांच्याही उपयोगी पडला.

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये ४८ देशांनी बाजूने मत दिले, ८ तटस्थ राहिले, विरोधात कोणीही नव्हते.

तो दस्तऐवज बंधनकारक नव्हता. मानवी हक्कांचा बंधनकारक युरोपीय करार १९५० मध्ये झाला आणि त्याखालील न्यायालयाचे अध्यक्षपद १९६५ ते १९६८ या काळात कासँ यांच्याकडे होते. त्यांच्या स्वतःच्या देशाने मात्र तोवर त्या कराराला मान्यता दिलेली नव्हती. १९६८ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाल्यानंतरही ते त्यासाठी आग्रह धरत राहिले. मान्यता मिळाली ती १९७४ मध्ये. सामान्य फ्रेंच नागरिकाला आपल्या सरकारविरुद्ध थेट तक्रार करण्याची मुभा १९८१ मध्ये मिळाली, तेव्हा कासँ यांना जाऊन पाच वर्षे झाली होती.