वीतभर झोळ, नऊशे किलो ताण

मृग लागायच्या आधी विहिरीतली मोटार वर काढायची, ही आमच्या खानापूर तालुक्यात दरवर्षीची धांदल. एकदा पाऊस धरला की पाणी भराभर चढतं आणि खालच्या टप्प्यावर बसवलेली मोटार बुडते. यंदा मामांच्या मळ्यात हेच काम चाललं होतं. विहिरीच्या अलीकडे आंबा, पलीकडे फणस, दोहोंत आठ मीटर अंतर. मामांनी दोन्ही झाडांना आडवा दोर बांधला, ट्रॅक्टर लावून तो ताठ केला, मधोमध पुली अडकवली आणि पुलीवरून दुसरा दोर सोडून साठ किलोची मोटार ओढायला घेतली. ती निम्म्यावर आली आणि आडवा दोर आंब्याजवळच्या गाठीत तुटला. मोटार पाण्यात गेली. तुटलेलं टोक चाबकासारखं येऊन धाकट्या मामांच्या मनगटावर वळ उठवून गेलं.

आजी म्हणाली, "अमाशेला कशाला हात लावलासा मोटारीला?" संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच कारण झालं. मामांचं म्हणणं वेगळं होतं: "दोर दोन टनांचा, मोटार साठ किलोची. दोन्ही बाजूंना तीस-तीस किलो. तुटेल कसा?"

हा तीस-तीसचा हिशेब जवळजवळ प्रत्येक जण करतो, आणि तो फक्त एकाच वेळी बरोबर असतो: दोन्ही दोर सरळ उभे असतील तेव्हा.

दोराला एकच काम येतं, स्वतःच्या लांबीच्या दिशेनं ओढणं. तो ढकलू शकत नाही, बाजूला रेटू शकत नाही. मोटारीचं वजन तर सरळ खाली ओढतं. म्हणजे ते पेलायला दोराच्या ओढीतला जेवढा भाग वरच्या दिशेनं आहे, तेवढाच उपयोगी. उभ्या दोरात सगळी ओढ वर असते. आडव्या दोरात बहुतेक ओढ झाडांकडे जाते आणि वर उचलायला जेमतेम उरते.

किती उरते, ते टेप घेऊन मोजता येतं. आमचा दोर भार असताना मध्ये वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर खाली आला होता. मधल्या बिंदूपासून झाडापर्यंत ४ मीटर, म्हणजे ४०० सेंटिमीटर. चारशेत वीस, म्हणजे विसावा हिस्सा. दोरातल्या ताणाचा विसावा हिस्साच वर उचलतो. प्रत्येक बाजूनं ३० किलो उचलायचे तर दोरात ताण हवा ३० गुणिले २०, म्हणजे ६०० किलो. दहावीच्या त्रिकोणमितीत हेच असं लिहितात: ताण बरोबर वजन भागिले दोनदा साइन थीटा, आणि थीटा म्हणजे दोराचा आडव्या रेषेशी कोन. (शास्त्रात बल न्यूटनमध्ये मोजतात; एक किलोचं वजन सुमारे ९.८ न्यूटन. इथे मी किलोच वापरतोय, कारण विहिरीवर तेच बोलतात.)

आता झोळ वाढवून बघा. तोच दोर एक मीटर खाली येऊ दिला, तर ताण साधारण १२४ किलो. दोन मीटर येऊ दिला, तर ६७. आणि उलट दिशेनं, झोळ दहाच सेंटिमीटर ठेवला तर १,२००. झोळ अगदी शून्य करायचा म्हटलं, तर ताण अमर्याद लागेल. म्हणून भार लटकलेला दोर कधीही पूर्ण सरळ होत नाही, कितीही ट्रॅक्टर लावा. आपल्याला ताठ दोर मजबूत वाटतो, पण तो आधीच थकलेला असतो.

शिवाय पुलीचं एक गणित आहे. मोटार पुलीच्या एका बाजूनं ६० किलोनं खाली ओढते. दुसऱ्या बाजूनं गडी ओढतात, तेही तेवढ्याच जोरानं, नाहीतर मोटार हलणारच नाही. दोघंही खालीच ओढतात! गडी अगदी सरळ खाली ओढत असते तर पुलीवर १२० किलो आले असते. ते काठावरून तिरके, उभ्या रेषेशी साधारण साठ अंशांत ओढत होते, म्हणून सरळ खाली येणारा भाग ९० किलो. आता पुन्हा विसानं गुणा: ४५ गुणिले २०, आडव्या दोरात ९०० किलो.

आणि दोन टन? ती नव्या, बिनगाठीच्या दोराची तुटायची मर्यादा. तेवढं टांगायची परवानगी नव्हे. गाठीत दोर तीव्र वळतो, बाहेरचे धागे आधी ताणले जातात आणि निम्मी ताकद तिथेच जाऊ शकते. त्यातून हा दोर तीन उन्हाळे पंपघराच्या पत्र्यावर पडलेला. त्या जागी त्याच्याकडे हजार किलोची तरी ताकद उरली होती का, मला शंका आहे. अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका बाजूला येतात, त्यानं समुद्राला उधाण येतं हे खरं. पण साठ किलोच्या मोटारीच्या वजनात त्यानं पडणारा फरक गव्हाच्या दाण्याइतकाही नसतो. आजीला मी टेप दाखवली, तिथीचा वाद घातला नाही.

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्र्यांत जड कास्टिंग क्रेननं उचलतात, तिथे साखळीच्या दोन फाट्यांमधला कोन १२० अंशांपलीकडे जाऊ देऊ नये असा दंडक असतो. त्या कोनात प्रत्येक फाट्यावर पूर्ण वजनाएवढा ताण येतो. दोन फाटे असून वाटणीचा फायदा शून्य. गणपतीत गल्लीवर आडव्या बांधलेल्या दिव्यांच्या माळेलाही हेच लागू. तिथे वजन सगळीकडे पसरलेलं असल्यानं सूत्र थोडं बदलतं: एकूण वजन गुणिले अंतर, भागिले झोळाच्या आठपट. बारा मीटरच्या गल्लीत दहा किलोची माळ दहा सेंटिमीटर झोळानं ताणली, तर दोन्ही घरांच्या गॅलरीचे गज १५० किलोनं एकमेकांकडे ओढले जातात. साठ सेंटिमीटर झोळ सोडला, की २५.

मोटार आठवड्यानं निघाली. विहिरीला जुन्या मोटेचं थारोळं, म्हणजे मोटेतलं पाणी ओतायची काठावरची दगडी जागा, अजून आहे, घाणेरीत बुडालेलं. मामांनी घाणेरी तोडून काढली, थारोळ्याच्या दोन दगडी खांबांवर जाड लोखंडी पाइप आडवा टाकला आणि त्याला चेन पुली लावली. चामड्याची मोट ओढताना नाडा, म्हणजे तिचा जाड दोर, इथूनच सरळ विहिरीत उतरायचा. मोटारीला बांधायला त्यांनी तुटलेल्या दोराचाच धड तुकडा घेतला. तो सरळ उभा होता, मोटार पाण्याबाहेर आल्यावर त्यात साठ किलो ताण होता, आणि ती वर येईपर्यंत तो साठच राहिला.