पवन ऊर्जा आणि ग्रिडची वारंवारता

प्रत्यावर्ती विजेच्या ग्रिडमध्ये पवनविजेचा वाटा वाढत गेला की वारंवारतेच्या (कंप्रतेच्या, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांच्या) स्थैर्यावर होणारा परिणाम. निर्मिती मागणीपेक्षा कमी पडली की वारंवारता उतरते, जास्त झाली की चढते. बहुतेक देशांत ती ५० हर्ट्झ, उत्तर अमेरिकेत ६० हर्ट्झ राखली जाते.

औष्णिक व जलविद्युत केंद्रांतील समकालिक जनित्रे ग्रिडशी एका लयीत फिरतात. दोन ध्रुवांचे जनित्र ५० हर्ट्झला मिनिटाला ३,००० फेरे घेते. एखादे केंद्र अचानक तुटले, तर इतरांचे अवजड घूर्णक (फिरणारे भाग) किंचित मंदावतात आणि त्यांची गतिज ऊर्जा, कोणी आज्ञा न देता, विजेच्या रूपाने ग्रिडला मिळते. हा आधार, म्हणजेच जडत्व, काही सेकंदांचाच, पण तेवढ्या अवधीत गव्हर्नर (वेग राखणारा नियंत्रक) वाफेची झडप उघडू लागतो. साठलेल्या ऊर्जेला यंत्राच्या क्षमतेने भागले की जडत्व स्थिरांक मिळतो. तो साधारण २ ते ९ सेकंद असतो. ग्रिडचा स्थिरांक ५ सेकंद असताना क्षमतेच्या १० टक्के निर्मिती एकदम गेली, तर वारंवारता सुरुवातीस सेकंदाला ०.५ हर्ट्झने घसरते. स्थिरांक निम्मा झाला की हाच वेग १ हर्ट्झ होतो.

जुन्या स्थिरवेगी पवनचक्क्यांचे प्रवर्तन जनित्र थेट ग्रिडला जोडलेले असे, त्यामुळे त्यांचे जडत्व थोडेफार पोहोचत होते. आजच्या चलवेगी पवनचक्क्यांत जनित्र आणि ग्रिड यांच्यामध्ये कन्व्हर्टर (विजेची वारंवारता बदलून देणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) येतो. पात्यांत ऊर्जा भरपूर असते, मात्र ग्रिड मंदावल्याचे त्यांना जाणवतच नाही.

‘कृत्रिम जडत्व’ या संज्ञेवर मतभेद आहेत. कन्व्हर्टरचे नियंत्रण बदलून पात्यांतील ऊर्जा काही सेकंद काढून घेता येते. कॅनडातील हायड्रो-क्वेबेक या वीज कंपनीने २००५ च्या सुमारास पवन प्रकल्पांना तशी अट घातली. काही अभ्यासक याला जडत्वच मानतात. इतरांच्या मते वारंवारता आधी मोजावी लागते, त्यात उशीर होतो, म्हणून ‘जलद वारंवारता प्रतिसाद’ हेच नाव योग्य. हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय मंदावलेली पाती पुन्हा वेग घेताना निर्मिती घटते आणि वारंवारता दुसऱ्यांदा खाली येऊ शकते. ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर हा कन्व्हर्टरचा वेगळा प्रकार स्वतःच व्होल्टेज उभे करतो, त्यामुळे मोजमापाची वाट पाहत नाही. पण त्यातील अर्धवाहक घटक ठरीव प्रवाहापेक्षा फारसा जास्त प्रवाह सोसत नाहीत.

२८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषण मनोरे कोसळले, व्होल्टेज वारंवार खचले आणि पवनचक्क्यांच्या संरक्षण सेटिंगमुळे सुमारे ४५६ मेगावॅट निर्मिती घटली. व्हिक्टोरियाशी जोडणारी वाहिनी तुटून राज्य अंधारात गेले. दोष कमी जडत्वाचा की सेटिंगचा, यावर तेव्हा वाद झाला. वाहिनी तुटल्यावर वारंवारता इतक्या झपाट्याने कोसळली की भार कमी करणाऱ्या यंत्रणेला वाव उरला नाही, हा जडत्वाच्या अभावाचा परिणाम. पण मुळात वाहिनीवर ताण आला तो सेटिंगमुळे, आणि ती नंतर बदलली गेली. आयर्लंडमध्ये असमकालिक निर्मितीची (पवनविजेसारख्या, ग्रिडशी एका लयीत न फिरणाऱ्या स्रोतांची) तात्क्षणिक मर्यादा टप्प्याटप्प्याने ५० वरून २०२२ पर्यंत ७५ टक्क्यांवर नेण्यात आली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये चार समकालिक कंडेन्सर कार्यान्वित केले. टर्बाइन नसलेली ही यंत्रे गतिचक्रासह केवळ फिरत राहून ग्रिडला जडत्व पुरवतात.