मगिद्दो

मगिद्दो : उत्तर इस्राएलमधील इज्रेल खोऱ्याच्या कडेला असलेले बायबलकालीन नगराचे टेकाड व उत्खननस्थळ. महाराष्ट्रात जिला पांढरी म्हणतात तशीच ही जागा असून, हजारो वर्षे वस्ती मोडत आणि पुन्हा उभी राहत गेल्याने येथे पंचवीसहून अधिक थर साचले आहेत. इजिप्तहून सिरियाकडे जाणारा मार्ग खिंडीतून येथेच सपाटीला उतरतो, म्हणून या ठाण्यासाठी वारंवार लढाया झाल्या. इ. स. पू. पंधराव्या शतकात इजिप्तचा फारो (राजा) तिसरा थुतमोस याने येथे मिळवलेल्या विजयाचा वृत्तांत इजिप्तमधील कर्नाकच्या मंदिरात कोरलेला आहे. १९१८ मध्ये ब्रिटिश सेनापती ॲलनबीच्या सैन्यातील भारतीय घोडदळही याच खिंडीतून खाली आले.

पहिले उत्खनन गॉटलीब शूमाखर यांनी १९०३–०५ मध्ये केले. त्यांनी टेकाडात घाईने खणलेला रुंद चर आजही दिसतो आणि तो अवश्य पाहावा, कारण त्या घाईची किंमत मोठी होती : शिशंक या फारोचे नाव असलेला शिलालेखाचा तुकडा पुढे शिकागो विद्यापीठाच्या पथकाला मिळाला, पण तो जुन्या उत्खननाच्या मातीच्या ढिगाऱ्यात. तो मुळात कोणत्या थरात होता हे कळले असते, तर येथील कालगणनेचे कितीतरी वाद मिटले असते. शिकागोचे काम १९२५ ते १९३९ पर्यंत चालले. १९९४ पासून तेल अवीव विद्यापीठ येथे उत्खनन करीत आहे.

दगडी खांबांच्या रांगा आणि त्यांमधील कोरीव गव्हाणी जवळून पाहण्यासारख्या आहेत. खांबांना दावे ओवण्याजोगी भोके आहेत. बायबलमध्ये (१ राजे ९:१५) शलमोन राजाने मगिद्दो बांधल्याचा उल्लेख असल्याने या इमारतींना ‘शलमोनाचे तबेले’ म्हटले गेले. पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी त्या नंतरचा इस्राएलचा राजा अहाब याच्या काळातल्या ठरवल्या, पुरातत्त्वज्ञ इस्राएल फिंकेलस्टाइन यांनी त्यांचा काळ आणखी अलीकडे आणला, तर काही अभ्यासक त्यांना कोठारे मानतात. फलकावरचे नाव पक्के समजून पुढे जाण्यापेक्षा हा वाद मनात ठेवून पाहणे अधिक फलदायी ठरते. खालच्या थरांत कांस्ययुगातील मोठी वर्तुळाकार वेदी उघडी झाली आहे.

पाहणीचा शेवट जलमार्गाने होतो. खोल विहिरीसारख्या खड्ड्यात पायऱ्यांनी उतरल्यावर, खडकात खोदलेला सुमारे ७० मीटर लांबीचा आडवा बोगदा तटाबाहेरच्या झऱ्यापर्यंत नेतो. झऱ्याचे बाहेरचे तोंड बुजवल्यामुळे वेढा पडला तरी नगरातून पाणी भरता येत असे. २००५ मध्ये हासोर व बैर-शेबा यांच्यासह मगिद्दोचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.